समुद्र नसलेल्या गावातल्या सागरकन्या

सोळा-सतरा वर्षांची एक मुलगी मित्रांच्या बँडमध्ये गिटार वाजवत असते. गिटार म्हणजे काय, जेमतेम चार सूर जमतात. एक दिवस मुलं तिला म्हणतात, तूच गाऊन बघ. मुलगी लाजते. नाही म्हणायचं नाही, पण सगळ्यांसमोर तोंड उघडायचंही धाडस नाही. शेवटी ती एक अट घालते. समोर कपड्यांचं कपाट असतं. ती त्यात शिरते, दार ओढून घेते आणि आतून गाते!

ही काही कुणी रचलेली गोष्ट नाही बरं का. इंग्लंडची गायिका ट्रेसी थॉर्न हिने आपल्या ‘बेडसिट डिस्को क्वीन’ या आत्मकथनात हा किस्सा स्वतःच सांगितला आहे. ते पुस्तक २०१३ साली आलं. ज्यांच्या घरी नव्वदच्या दशकात केबल टीव्ही होता, त्यांनी तिचा आवाज कदाचित ऐकलाही असेल. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’ हे तिच्या आणि बेन वॉटच्या जोडीचं नाव. त्यांचं ‘मिसिंग’ हे गाणं १९९५ साली टॉड टेरीने नव्या तालात बांधलं आणि ते जगभर वाजलं. अमेरिकेच्या यादीत ते दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचलं होतं.

पण मैत्रिणींनो, मला आज त्या यशाबद्दल सांगायचं नाही. त्याच्या आधी, शाळेत असताना, या कपाटातल्या मुलीने आपल्या मैत्रिणींबरोबर एक बँड काढला होता. त्याचं नाव ‘मरीन गर्ल्स’. आपल्या भाषेत सागरकन्या म्हणू या. त्या चौघींनी बागेतल्या एका शेडमध्ये आपला पहिला अल्बम रेकॉर्ड केला. माझी लेक कॉलेजात आहे. एकदा मी भाजी निवडत असताना तिने माझ्या कानात हेडफोन अडकवला आणि म्हणाली, “आई, हे ऐक. या मुली तेव्हा माझ्याहून लहान होत्या.” तेव्हापासून या मुली काही माझ्या डोक्यातून जात नाहीत. खरं सांगते, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं, हे काय कच्चं कच्चं? मग दुसऱ्यांदा ऐकलं. तिसऱ्यांदा मीच लेकीला म्हटलं, “लाव गं ते तुझं समुद्राचं.”

‘इंडी’ म्हणजे काय हो?

आपल्याकडे ‘इंडी-पॉप’ म्हटलं की अलिशा चिनॉय, लकी अली, ‘कलोनियल कझिन्स’ आठवतात. ते ‘इंडी’ इंडियनमधलं. इंग्लंडात ‘इंडी’ हा शब्द ‘इंडिपेंडंट’चा, म्हणजे स्वतंत्र. मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या दारात उभं न राहता, स्वतःच्या किंवा छोट्या कंपनीच्या हिमतीवर काढलेलं संगीत.

याला एक पार्श्वभूमी आहे. १९७६-७७ च्या सुमारास तिकडे पंक संगीताची लाट आली. तिच्यातला आरडाओरडा, फाटके कपडे हे सगळं आपण सोडून देऊ. त्या लाटेने एक गोष्ट मात्र मोलाची केली. संगीत करायला उस्ताद असावं लागतं, ही समजूत तिने मोडली. जानेवारी १९७७ मध्ये मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ नावाच्या पोरांनी सुमारे ५०० पौंड उसने घेऊन स्वतःची रेकॉर्ड काढली. पहिल्यांदा १००० प्रती छापल्या. त्या खपल्या, आणि मग गावोगावच्या पोरांना वाटलं, अरे, हे आपल्यालाही जमेल! १९७८ मध्ये लंडनच्या ‘रफ ट्रेड’ या दुकानाने स्वतःची रेकॉर्ड कंपनी काढली. त्याच वर्षी ‘चेरी रेड’ सुरू झाली. १९८० च्या जानेवारीपासून तर अशा स्वतंत्र रेकॉर्डची खपाची वेगळी यादीच छापून येऊ लागली.

यात मुलीही होत्या. ‘रेनकोट्स’ हा लंडनचा बायकांचा बँड होता. वेल्समधल्या कार्डिफच्या ‘यंग मार्बल जायंट्स’मध्ये ॲलिसन स्टॅटन नावाची मुलगी गायची. तिचं गाणं म्हणजे स्वयंपाक करता करता आपण गुणगुणतो ना, तसं. ताना नाहीत, आवाज चढवणं नाही. १९८० साली आलेल्या त्यांच्या ‘कोलॉसल यूथ’ या अल्बमने ट्रेसीसारख्या लाजऱ्या मुलींना फार मोठा धीर दिला. हळू आवाजातही गाणं होतं, हे त्यांना ऐकायला मिळालं.

आपल्याकडच्या किती मुलींना “तुझा आवाज बारीक आहे”, “आवाज पोचत नाही” असं सांगून गाण्याच्या वर्गातून घरी बसवलं जातं, ते आठवून बघा. मग त्या मुली लग्नात, मुंजीत मागच्या रांगेत उभ्या राहून ओठ हलवतात.

चौघी जमल्या

ट्रेसीचा जन्म १९६२ चा. लंडनच्या उत्तरेला हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे, तिथल्या ब्रुकमन्स पार्क या उपनगरी गावात ती वाढली. लंडन जवळ, पण लंडन नव्हे. म्हणजे आपल्या बदलापूर-विरारसारखं. सगळं काही गाडीने तासाभरावर, आणि हाताशी मात्र काहीच नाही. तिच्या ‘अनदर प्लॅनेट’ या २०१९ च्या पुस्तकात तिने आपल्या त्या वेळच्या डायऱ्या उघडून दाखवल्या आहेत. कुठे जाणं झालं नाही, काय मिळालं नाही, याच नोंदी पुष्कळ! कंटाळा हा तिथल्या मुलांचा जणू रोजचा सोबती.

१९८० साली ट्रेसी आणि तिची शाळेतली मैत्रीण जीना हार्टमन यांनी मिळून बँड काढला. आपल्याकडची अकरावी-बारावी असते ना, त्या वर्गात होत्या त्या. जीना गाणार, ट्रेसी गिटार वाजवणार. म्हणजे पुढे जगाला जिचा आवाज कळला, ती इथे सुरुवातीला गाणारी नव्हतीच! मग जेन फॉक्स आली, तिने बेस गिटार घेतली. जेनची धाकटी बहीण ॲलिस गायला आली. धाकट्या बहिणी अशाच येतात. ताईच्या मागे मागे येतात आणि मग सगळ्यांच्या होऊन जातात.

ड्रम वाजवायला कुणी नव्हतं. आता पॉप बँड म्हटला की ड्रम हवाच, असा नियम. या मुलींनी काय केलं? ड्रमशिवायच गाणी बांधली. ताल धरायला जीना काहीबाही छोटी वाद्यं वाजवायची. एक गिटार, एक बेस, दोन-तीन आवाज, एवढ्यावर सगळा संसार. बेसवर गाण्याची चाल चालायची, गिटार मधेच एखादा सूर टाकायची, आणि उरलेली जागा रिकामीच. आपल्या जुन्या बायका म्हणतात ना, घरात आहे त्यात भागवायचं, तसं त्यांनी भागवलं. आणि ते भागवणं हीच पुढे त्यांची ओळख झाली.

गाणी कशावर? प्रेमावर आणि समुद्रावर. गंमत म्हणजे हर्टफर्डशायरला समुद्र नाही. चारी बाजूंनी जमीन. नकाशात बघा हवं तर. पण या मुलींच्या गाण्यांत खडकांतली पाण्याची डबकी आहेत, खोल पाणी आहे, किनारा आहे. जिथे आपण नाही, तिथली गाणी माणूस गातो. आपल्या ओव्यांतली सासुरवाशीण नाही का माहेरच्या वाटेची गाणी गात? बहुतेक गाणी दोन मिनिटांच्या आतबाहेरची. सांगायचं तेवढं सांगायचं की संपलं.

शेडमधला अल्बम

सुरुवातीला त्यांनी घरीच रेकॉर्ड करून ‘अ डे बाय द सी’ नावाची कॅसेट केली. अगदी थोड्या प्रती काढल्या. मग १९८१ साली पूर्ण अल्बम करायचं ठरलं. लंडनच्या पूर्वेला इलफर्ड नावाचा भाग आहे. तिथे पॅट बर्मिंगहॅम या माणसाने बागेतल्या शेडमध्ये रेकॉर्डिंगची सोय केली होती. आपल्याकडे परसात जुनी सायकल, कोळशाचं पोतं, मोडकी खुर्ची ठेवायला खोली असते ना, साधारण तसली शेड. तिथे या शाळकरी मुलींनी ‘बीच पार्टी’ हा अल्बम रेकॉर्ड केला.

हे कसं जमलं, ते जरा समजून घेण्यासारखं आहे. पूर्वी गाणं रेकॉर्ड करायचं म्हणजे मोठा स्टुडिओ, तासावर भाडं, काचेपलीकडे बसलेले गंभीर चेहऱ्याचे तंत्रज्ञ. तासाला पैसे मोजायचे म्हटलं की नवख्या माणसाचा घसा तिथेच सुकतो. शिवाय प्रत्येक वाद्य वेगळ्या पट्टीवर रेकॉर्ड करायचं, म्हणजे चूक झाली तर तेवढंच पुन्हा वाजवता येतं. ही सोय असलेली यंत्रं महाग होती. १९७९ साली टास्कॅम कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ नावाचं छोटं यंत्र काढलं. साध्या कॅसेटवर चार वेगवेगळ्या पट्ट्यांवर आवाज घेता येईल, असं ते होतं. घरगुती रेकॉर्डिंगचे दिवस आले ते याच सुमारास.

आणखी एक. ड्रमचा आवाज छोट्या खोलीत मावत नाही. तो प्रत्येक माइकमध्ये शिरतो आणि हळू आवाजाला खाऊन टाकतो. सागरकन्यांकडे ड्रमच नव्हता! त्यामुळे शेड त्यांना पुरली. जी उणीव वाटत होती, तीच सोय ठरली.

आणि मग कॅसेट. तबकडी काढायची तर साचे करा, कारखान्यात शेकड्यांनी छापून घ्या, आधी पैसे भरा. कॅसेटचं तसं नाही. दोन टेपरेकॉर्डर जोडले की घरच्या घरी एकेक प्रत करता येते. दहा जणींनी मागितली तर दहा करा. आपल्याही घरी हे झालंच आहे की! माझ्या लहानपणी आमच्याकडे टू-इन-वन होता. आकाशवाणीवरची भावगीतं आम्ही बहिणी त्यावर टेप करायचो. मधेच कुकरची शिट्टी, मधेच आजीचं “दार लोटून घ्या गं.” ती कॅसेट आजही कपाटाच्या वरच्या खणात आहे. गाणं तर कुठेही मिळेल, पण आजीचा तो आवाज आता दुसरीकडे कुठे मिळणार?

‘बीच पार्टी’ आधी कॅसेटवरच आली. मग ‘टेलिव्हिजन पर्सनॅलिटीज’ या बँडच्या डॅन ट्रेसीने आपल्या ‘व्हाम!’ या चिमुकल्या कंपनीतर्फे तिची तबकडी काढली. पुढे ‘चेरी रेड’ने हा बँड आपल्याकडे घेतला. कुणी मोठा माणूस येऊन मुलींना “तुमचं नशीब उघडतो” म्हणाला, असं काही झालं नाही. एका छोट्या माणसाने दुसऱ्या छोट्या माणसाकडे दिलं, त्याने तिसऱ्याकडे. भिशीसारखं.

आता सांगते, ऐकायला कसं वाटतं ते. आवाज कुठे कुठे सुराच्या काठावरून चालतात. गिटार अडखळते. पण या मुली कुणाची नक्कल करत नाहीत. मोठ्या बाईसारखं गाण्याचा आव नाही, लाडिकपणा नाही. आपण नटूनथटून बसलो आणि तो आलाच नाही, त्याला दुसरीच आवडली, असल्या गोष्टी त्या सरळ सांगतात. सतरा वर्षांच्या मुलीला जे वाटतं, ते सतरा वर्षांच्या मुलीच्याच तोंडून ऐकायला मिळणं किती दुर्मीळ आहे, याचा विचार करा. एरवी मुलींची गाणी मोठी माणसं लिहितात, मोठी माणसं चाली लावतात आणि मुली गातात.

पुढे काय झालं?

अशा गोष्टींचा शेवट आपण नेहमी “आणि मग त्या प्रसिद्ध झाल्या” असा करतो. इथे तसं सरळ झालं नाही.

१९८१ मध्येच ट्रेसी इंग्रजी साहित्य शिकायला हल विद्यापीठात गेली. तिथे तिला बेन वॉट भेटला. तोही ‘चेरी रेड’साठीच रेकॉर्ड करणारा मुलगा. दोघांनी तिथे आपली जोडी जमवली. इकडे जीना बँडमधून बाहेर पडली. १९८३ साली उरलेल्या तिघींनी ‘लेझी वेज’ हा दुसरा अल्बम केला. ‘यंग मार्बल जायंट्स’च्या स्टुअर्ट मॉक्सहॅमने तो बसवून दिला. ज्या बँडने धीर दिला, त्याच बँडचा माणूस मदतीला आला! पण त्याच वर्षी सागरकन्यांचा बँड मोडला. वेगवेगळी गावं, वेगवेगळी स्वप्नं. शाळेतली मैत्री कॉलेजात गेल्यावर जशी ताणली जाते, तशी ती ताणली गेली. जेन आणि ॲलिस या बहिणींनी पुढे ‘ग्रॅब ग्रॅब द हॅडॉक’ नावाचा बँड काढला. हॅडॉक म्हणजे समुद्रातला मासा. समुद्र काही सुटला नाही त्यांचा!

म्हणजे सगळा मिळून तीन वर्षांचा खेळ. “काय उपयोग झाला मग?” असं आपल्याकडे कुणीतरी नक्की विचारेल.

त्याचं उत्तर वेगळ्याच ठिकाणी मिळालं. अमेरिकेतल्या ‘निर्वाणा’ या बँडचा कर्ट कोबेन १९९४ साली गेला. त्याच्या डायऱ्या २००२ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यात त्याने आपल्या आवडत्या ५० अल्बमची यादी करून ठेवली होती. त्या यादीत ‘बीच पार्टी’ आहे! जगातल्या सगळ्यात गोंगाटी, दुखावलेल्या आवाजात गाणाऱ्या माणसाला शेडमध्ये रेकॉर्ड झालेलं या मुलींचं हळू गाणं जवळचं वाटलं होतं. कुणाचा आवाज कुणापर्यंत पोचेल, काही सांगता येत नाही.

आणि ट्रेसी? ती मोठी गायिका झाली, पण मंचाची भीती तिच्या मानेवरून उतरली नाही. ‘एव्हरीथिंग बट द गर्ल’चं काम २००० साली थांबलं. घरात लहान मुलं होती. काही वर्षं ती सरळ घरी राहिली. २००७ साली पुन्हा एकटीचा अल्बम घेऊन आली. मग लिहू लागली. २०२३ मध्ये तिने आणि बेनने ‘फ्यूज’ हा नवा अल्बम काढला, तेव्हा ती साठीची होती. मला तिचं हे मधलं घरी असणं फार महत्त्वाचं वाटतं. आपल्यातल्या कितीजणींची गाणी, चित्रं, कविता मुलांच्या दप्तराखाली दबून गेली. तिची परत आली. कारण एकच असावं. ‘मी हे करते’ ही खूणगाठ तिने सतराव्या वर्षीच बांधली होती, आणि तिचा पुरावा कॅसेटवर होता.

आणि आपल्याकडे?

काश्मीरमधल्या ‘प्रगाश’ची आठवण होते. २०१२ च्या डिसेंबरमध्ये श्रीनगरला बँडच्या स्पर्धेत दहावीतल्या तीन मुलींनी आपल्या बँडसह भाग घेतला. उत्तम सादरीकरणाचं बक्षीसही मिळवलं. प्रगाश म्हणजे उजेड. लगेच इंटरनेटवरून घाणेरड्या शिव्या, धमक्या सुरू झाल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिथल्या ग्रँड मुफ्तींनी मुलींनी असं गाणं-वाजवणं धर्माविरुद्ध असल्याचा फतवा काढला. तेव्हाचे मुख्यमंत्री ओमर अब्दुल्ला मुलींच्या बाजूने बोलले. धमक्या देणाऱ्यांवर पोलिसांत गुन्हाही नोंदवला गेला. पण मुलींनी बँड बंद केला. पहिल्या अल्बमची वेळ आलीच नाही.

इंग्लंडच्या मुली आणि काश्मीरच्या मुली यांत गुणांचा फरक होता का? मला नाही वाटत. फरक होता तो जागेचा. एकींना शेड मिळाली, जिथे कुणी हसलं नाही, कुणी दार ठोठावलं नाही. दुसऱ्यांना मिळाली नाही.

आपण म्हणू, आमच्याकडे कुठे फतवे निघतात? नाही निघत. आमच्याकडे प्रेमाने थांबवतात. मी आठवड्यातून तीन दिवस आमच्या जवळच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत जाते. तिथल्या चार मुली मिळून गाणी करतात. एकीकडे मामाने दिलेली जुनी गिटार आहे, दुसरी रिकाम्या तेलाच्या डब्यावर ताल धरते. शब्द त्यांचेच. पाण्याच्या रांगेवर एक गाणं आहे, वर्गातल्या बाईंच्या चपलांच्या आवाजावर एक. मागच्या वर्षी त्यातल्या एकीचे वडील मला म्हणाले, “ताई, पोरगी चांगली गाते, मला कौतुक आहे. पण बारावी होऊ द्या. मग बघू.”

रिक्षा चालवणारा, सज्जन माणूस. मुलीवर जीव आहे. मी त्यांना म्हटलं, “दादा, बारावीनंतर कॉलेज येईल, मग नोकरी, मग तुम्हीच स्थळं बघाल. ते ‘मग’ कधी येणार, तारीख सांगा.” ते हसले. काही बोलले नाहीत. पण रविवारी दुपारी दोन तास मुलगी येऊ लागली.

ज्या दिवशी त्यांनी पहिलं गाणं मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्या दिवशी आम्ही पंखा बंद केला, खिडकीला चादर लावली. तरी शेजारच्या घरातला मिक्सर आलाच त्यात. मुली हिरमुसल्या. म्हणाल्या, “ताई, पुन्हा करू. नीट झाल्यावरच ठेवू.” मी म्हटलं, “पुन्हा करा, शंभरदा करा. पण हेही पुसू नका.” त्या चार मिनिटांत त्या मुलींचं आजचं वय आहे. पुढच्या वर्षी आवाज पक्का होईल, शब्द शहाणे होतील, पण हे वय परत येणार नाही.

बायकांचे आवाज आपल्याकडे योगायोगाने वाचले आहेत, हे विसरून चालणार नाही. बहिणाबाई चौधरी १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. घरच्यांनी त्यांची गाणी वेळोवेळी टिपून ठेवली, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली. नाहीतर जात्याच्या घरघरीत विरून गेली असती. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी गावोगावी फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. कितीतरी बायकांचे आवाज ध्वनिमुद्रितही केले. त्या बायका काही कुणी गायिका नव्हत्या. दम लागायचा, आवाज फाटायचा. म्हणून त्या ओव्यांचं मोल कमी झालं का?

मैत्रिणींनो, आज प्रत्येकीच्या हातात त्या शेडमधल्या यंत्राहून सोयीचं यंत्र आहे. आपण त्यावर दिवसभर सुप्रभातचे फोटो पाठवतो. घरात मुलगी, भाची, नात गुणगुणत असेल तर तिला “नीट म्हण” असं सांगायच्या आधी एकदा नुसतं ऐका. तिच्या मैत्रिणी जमल्या तर त्यांना हॉल द्या, आपण स्वयंपाकघरात जाऊन बसा. दोन तास टीव्ही बंद राहिला तर मालिकेतल्या सुनेचं काही बिघडत नाही. पाहुण्यांसमोर “म्हण गं एक गाणं” असा आग्रह करू नका, आणि तिने एकटीने म्हटलं तर कान टवकारून हसूही नका. ‘सारेगमप’च्या ऑडिशनला न्यायची घाई नको. परीक्षकांपेक्षा तिला आधी मैत्रिणी हव्यात. त्यांनी काही रेकॉर्ड केलं, तर ते जपून ठेवा. तारीख घाला, नावं लिहा.

आणि हो, हे फक्त मुलींसाठी नाही. आमच्या महिला मंडळातल्या एकजणी साठीच्या आहेत. भोंडल्याची किती गाणी त्यांना पाठ, त्याला गणती नाही. “माझा आवाज आता गेला गं,” म्हणतात. गेला तर गेला, गाणी तर आहेत! या हस्तानक्षत्रात आम्ही मोबाइल मध्ये ठेवून फेर धरणार आहोत. खिरापत ओळखण्याचा गोंधळही त्यात येऊ दे, कुणाच्या बांगड्यांचा आवाजही येऊ दे. वस्तीतल्या त्या चौघींनाही बोलावलं आहे. तेलाचा डबा घेऊन या म्हटलंय.